तारामतीच्या अक्षराचे शिल्लक शिक्के

आमच्या गल्लीत लग्न ठरलं की पहिला फोन मंगल कार्यालयाला जायचा आणि दुसरा आमच्या घरी यायचा. आता दुसरा येत नाही. त्याला कारण मी आहे, आणि हे मी आपणहून सांगतोय याची नोंद घ्यावी. गल्लीत या हकिकतीची दुसरीही रूपं फिरतात. त्यांत मी याहून जास्त मूर्ख आहे.

आधी एक खुलासा. या मजकुरात मधूनमधून चौकटीतले शब्द येतील. ते मजकुराशी जुळतीलच असं नाही. आमच्या कपाटात एकशे बेचाळीस रबरी शिक्के शिल्लक आहेत. ते कोणी घेत नाही आणि मला टाकवत नाहीत. समोरच्या पंचफुलाबाई म्हणाल्या, पडून राहिलेल्या मालाला वाळवी लागते. रबराला वाळवी लागत नाही, असं मी त्यांना नम्रपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, "लागंल. तुझ्या घरात लागंल." म्हणून वापरून संपवतोय.

[ आग्रहाचे निमंत्रण ]

एक गेला. राहिले एकशे एकेचाळीस.

तर दुसरा फोन यायचा तो तारामतीसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. लातुरात पत्रिका छापणारे ढिगाने असतील, पण पाकिटावर नावं घालायला अख्ख्या गल्लीला तारामतीच लागायची. तिच्या अक्षराचं वर्णन मी करणार नाही. एका शाळेत मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो, उपमा देणं माझ्या कामात बसत नव्हतं. एवढंच सांगतो की तिची वेलांटी डोक्यावरून पदर घेतल्यासारखी यायची, आणि आमचा किराणावाला सामान दिल्यावर तिची यादी मागून ठेवून घ्यायचा आणि गल्ल्यामागच्या भिंतीला चिकटवायचा. तूरडाळ दोन किलो, गूळ, कपड्याचा साबण. त्या यादीपुढे तो उदबत्तीही लावत असावा, कारण तिचा एक कोपरा धुराने काळा झाला होता.

पण नुसतं अक्षर नव्हे. लग्नघरी तिला पाटावर बसवायचे, हळदकुंकू लावायचे. पहिलं पाकीट देवाचं, मग गावाचं. घरातलं कोणीतरी नाव सांगायचं आणि तारामती लिहायच्या आधी पेन उचलून धरायची. "धाकट्याचं येगळं पाकीट का एकातच? पाडव्याला चुली येगळ्या झाल्यात त्यांच्या." किंवा, "ह्यांना देण्याआधी त्यांच्या थोरल्या बहिणीला गेलं पाहिजे, न्हाईतर दोघंबी येत न्हाईत." आमच्या भागात लग्नातलं जेवण कमी पडलं तर माणसं वर्षभरात विसरतात. पाकिटावर मान चुकला तर नातवंडांना सांगून मरतात. तारामतीच्या हातून मान कधी चुकला नाही. म्हणून तिच्या अक्षरातलं पाकीट आलं की लोक म्हणायचे, तारामतीनं बोलावलंय. लग्न कुणाचंही असो.

तिच्यासमोर दानम्मा बसायच्या. आमच्यापासून तीन घरं सोडून वीरण्णा राहतात, डाळ मिलमधून निवृत्त झालेले, त्यांच्या त्या पत्नी. दानम्मा पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळद लावायच्या आणि पाकिटात सरकवायच्या. एक लिहायची, एक हळद लावायची, आणि दोघी मिळून गावातल्या कोणालाही शिल्लक ठेवायच्या नाहीत. आमच्या थोरल्या शिल्पाच्या लग्नात नावं घालताना दानम्मांच्या हाती त्यांचंच पाकीट आलं. श्री. व सौ. वीरण्णा, सहपरिवार. त्या हसल्या आणि ते परत तारामतीच्या मांडीवर टाकलं. "आमाला कशाला पाकीट? मी हितंच बसलेय की."

ते पाकीट आमच्या घरीच राहिलं.

गेल्या श्रावणात दानम्मा गेल्या. त्यानंतर तारामती हळदही स्वतःच लावायची.

[ आहेर आणू नये ]

आता धंदा.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. पाच घरची पाकिटं एका महिन्यात लिहून तारामतीचं मनगट सुजलं. ती क्रेप बँडेज बांधून लिहायला लागली. मला दया आली. ही दया अगदी खरी होती, हे पुढचं वाचताना कृपया लक्षात असू द्यावं. माझा हेतू चांगला होता. वाईट हेतूची माणसं निदान फायद्यात तरी असतात.

माझं सारं आयुष्य शिक्क्यांत गेलेलं. आवक, जावक, खरी नक्कल, मूळ प्रत पाहिली. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, नारळ आणि कुकर मिळाला, पण खरं दुःख शिक्क्यांचा स्टँड सोडताना झालं. तेव्हा सुजलेलं मनगट पाहून माझ्या डोक्यात जे आलं ते माझ्यासारख्याच्याच डोक्यात येऊ शकतं. तारामतीच्या अक्षराचे शिक्के करायचे. मनगटाला आराम, गल्लीला सोय, आणि मला सकाळी दहा ते सहा काहीतरी काम.

शेजाऱ्यांनी सल्ले दिले. राजशेखर, ज्याच्या लेकीचं, करिश्माचं, लग्न माघात होतं, म्हणाला की धंद्याला नाव इंग्रजी पाहिजे. पंचफुलाबाई म्हणाल्या की नाव कोणतंही ठेव, बुडताना सारखाच आवाज येतो. नांदेडहून शिल्पाने फोनवर सांगितलं, "पप्पा, आधी आईला विचारा." हा सल्ला मला इतका सोपा वाटला की मी तो मागे ठेवला.

विचारलं शेवटी. कोरे कागद आणले, काळं जेल पेन आणलं, आणि तारामतीला म्हणालो की फक्त 'सहपरिवार' असं चार वेळा लिही.

"कुणाला?" ती म्हणाली.

कुणाला नाही, नुसतंच लिही, असं मी म्हणालो.

ती पेन धरून बसली. मग पेन ठेवलं. "नुसतं कसं लिहू? माणूस डोळ्यांसमोर आलं की हात चालतोय. ह्यात कोण हाय?"

मी तिला समजावलं की यात कोणीच नाही, हेच तर याचं वैशिष्ट्य आहे. तिने एकदा लिहून पाहिलं. खरंच सांगतो, ते अक्षर तिचं वाटतच नव्हतं. सरकारी फळ्यावर रंगाऱ्याने काढावं तसं आलं. "तुमी सोडा ह्यो नाद," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

मी नाद सोडला नाही. मी कपाट उघडलं. साड्यांच्या घडीखाली, एका प्लास्टिकच्या पिशवीत, शिल्पाची पत्रिका, आमच्या दोघांचा एक जुना फोटो आणि ते न दिलेलं पाकीट होतं. श्री. व सौ. वीरण्णा, सहपरिवार. अक्षर असं की बघत राहावं. मोबाइलवर फोटो काढला असता तरी चाललं असतं. पण शिक्केवाल्याने मूळ नमुना आणा असं सांगितलं होतं, आणि मूळ नमुना म्हणजे मूळ प्रत, हे माझ्या रक्तात. अख्खं पाकीट त्याच्या हाती देऊ नये, उगाच हरवायचं, एवढी काळजीही मी घेतली. ब्लेडने, पट्टी लावून, 'श्री. व सौ.' एवढा तुकडा कापला. मग 'सहपरिवार' कापला. 'आग्रहाचे निमंत्रण' वगैरे बाकीचे शब्द तिने पूर्वी करून दिलेल्या पत्रिकांच्या कच्च्या मसुद्यांतून मिळाले. उरलेलं पाकीट जसं होतं तसं घडीखाली ठेवून दिलं. काम इतकं स्वच्छ झालं की मलाच समाधान वाटलं.

[ श्री. व सौ. ]

हा खपत होता. याचेच सर्वांत जास्त शिल्लक आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पुढे कळेल.

गंजगोलाईच्या बाजारामागे एका बोळात संगमेश्वरचं शिक्क्यांचं दुकान आहे. तो मान वर न करता बोलतो. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे अक्षर कुणाचं, आणि ज्याचं आहे त्याची लेखी संमती कुठंय. कोणाचंही अक्षर घेऊन शिक्का केला तर उद्या उपद्व्याप होतो, तो म्हणाला, रजिस्टरला लावून ठेवायला कागद पाहिजे. एवढा नियम पाळणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला होता. मला गहिवरून आलं. मी त्याच्याच टेबलावर तारामतीच्या वतीने संमती लिहून दिली.

होय, तिच्या वतीने. नोंद घ्यावी.

उद्योगाची नोंदणी करायला गेलो तिथल्या खिडकीवरचे गृहस्थ मात्र माझ्याही वरचे निघाले. संगणकाच्या यादीत 'हस्ताक्षर' असा उद्योग नव्हता. जवळपास 'हस्तकला' होतं, पण त्यात बांबू लागायचा. शेवटी त्यांनी मला 'इतर' मध्ये टाकलं. हस्ताक्षराची मालकी कुणाची, हे दाखवणारा कागद त्यांनीही मागितला, आणि तोही टाइप केलेला. मी म्हणालो, अक्षर कुणाचं हे सिद्ध करायचं तर ते हाताने लिहिलेलं नको का? ते म्हणाले, "हातानं लिहिलेलं इथं चालत नाही." मी टाइप करून नेलं. नोंदणी झाली. निघताना त्यांनी हळूच विचारलं की पुतण्याची सोयरीक जमली आहे, वैनी पाकिटं लिहून देतील का. मी शिक्क्यांबद्दल सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मला काही कळायला हवं होतं.

संगमेश्वरने पहिली खेप केली ती उलटी. दोष त्याचा नव्हता. शिक्का कोरायला अक्षराची फिल्म उलटी लागते, ती मी सुलटी करून आणली होती, चांगली दिसावी म्हणून. पन्नास शिक्के उमटले ते आरशात धरूनच वाचता यायचे. पंचफुलाबाईंनी एक घेतला, कागदावर उमटवून पाहिला आणि म्हणाल्या की नवरीला आरसा देतातच, पाहुण्यांनाबी द्या एकेक.

दुसरी खेप सुलटी आली. ती पिशवीत घालून मी एसटीने नांदेडला निघालो, पत्रिका छापणाऱ्यांना दाखवायला. हे शिक्के आपली शाई आपल्यातच घेऊन येतात, पॅड लागत नाही. झाकण निघालं तर मात्र ते कोणाचं ऐकत नाहीत. अहमदपूरपर्यंत पिशवी मांडीवर होती, लोह्यापर्यंत पोटावर. नांदेडला पहिल्याच दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सहपरिवार आलाव का? बाकीचे कुठंयत?" पांढऱ्या शर्टाच्या पोटावर जांभळ्या शाईत, तारामतीच्या सुरेख अक्षरात, तो शब्द तीनदा होता. मी एकटाच होतो. शिल्पाच्या घरी गेलो तर जावयांनी काही न बोलता आपला शर्ट आणून दिला. मोठ्या मनाचे आहेत. शर्ट मात्र मला दंडात घट्ट झाला आणि परतीच्या प्रवासात मी दोन्ही हात जरा पुढे धरून बसलो होतो, कुणाला तरी आलिंगन द्यायला निघाल्यासारखा.

[ अगत्य येणे ]

पहिलं गिऱ्हाईक राजशेखर. करिश्माच्या लग्नाची सातशे पाकिटं.

त्या दुपारी तारामतीने केस धुतले होते. ठेवणीतली साडी काढली होती. मनगटाची सूज उतरली होती. राजशेखरच्या घरून बोलावणं येईल म्हणून ती पेन आणि चष्मा पदरात बांधून बाहेरच्या खोलीत बसली. मी शिक्के विकलेत हे तिला माहीत होतं. पण शिक्का आला म्हणजे बोलावणं येणार नाही, असं तिला वाटलं नसावं. खरं तर मलाही वाटलं नव्हतं.

तीन वाजता समोरून आवाज यायला लागला. ठप. ठप. ठप. राजशेखरच्या घरचे टीव्ही लावून, ओळीने बसून शिक्के मारत होते. एकजण 'श्री. व सौ.', मध्ये छापील नावाची पट्टी चिकटवणारा दुसरा, तिसरा 'सहपरिवार'. पाच वाजेपर्यंत सातशे झाली. तारामतीला सातशेला चार दिवस लागले असते. हा हिशोब मी तिला कौतुकाने सांगितला.

तिने चष्मा पदरातून सोडला आणि डबीत ठेवला.

[ सहपरिवार ]

चौथ्या दिवसापासून माणसं यायला लागली, आणि राजशेखरकडे नव्हे, आमच्याकडे. कारण अक्षर तारामतीचं. एका मठाच्या महाराजांना 'श्री. व सौ., सहपरिवार' गेलं होतं; मठाचे सेवेकरी विचारायला आले की यात काही सुचवायचं आहे का. दोन भाऊ, ज्यांच्यात विहिरीवरून कोर्टात केस चालू आहे, त्यांना एकाच पाकिटात घातलं होतं. ते दोघे मात्र इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एकत्र आले, आम्हाला बोलायला. पंचफुलाबाईंचे यजमान जाऊन वीस वर्षं झालीत. त्यांच्या पाकिटावर 'श्री. व सौ. पंचफुलाबाई' असं होतं. त्या ते घेऊन आल्या आणि तारामतीसमोर बसल्या.

"वीस वर्सांनी नवरा आणून दिलास तारे," त्या म्हणाल्या. "आता त्याला जेवाया कोण घालणार?"

तारामती हसली नाही. मी लिहिलं नाही हो मावशी, एवढंच म्हणाली. पंचफुलाबाई म्हणाल्या, मला माहीत हाय, पण जगाला तुझं अक्षर माहीत हाय.

मी राजशेखरला जाब विचारला. तो म्हणाला, शिक्का तर तुमचाच, टेकाळेसाब, त्यात विधवा-विधुरांसाठी वेगळा दिला असता तर मारला असता. मी घरी येऊन वहीत लिहूनही ठेवलं. वेगळा शिक्का, विधवा-विधुरांसाठी. धंद्यात सुधारणेला जागा असते.

त्याच आठवड्यात वीरण्णा आले.

सकाळी अकराची वेळ. कपाळावर विभूती, धुतलेला सदरा, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पाकीट. खुर्चीच्या कडेवर बसले. तारामतीने चहा दिला तो तसाच ठेवला. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. शाळेतल्या माफीपत्रांचे मसुदे मीच करायचो.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. तारामतीकडे बघून म्हणाले, "वैनी, पाकीट भेटलं."

तिने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"सहा म्हयने होत आले. रेशन कार्डावरून तिचं नाव काढलं. ग्यास माझ्या नावावर केला. बँकेत गेलो तर म्हणले, फारम भरा, त्यांचं नाव खोडायचंय. समद्या कागदावरून खोडून झाली ती." त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि गुडघ्यावर ठेवलं. "आन तुमी लिवलाव, श्री. व सौ. पोरगा म्हणला, अप्पा, चुकून झालंय. म्या म्हणलं, तारामतीचा हात चुकत नसतोय. तिनं समजून लिवलंय. फोटोम्होरं ठिवलं म्या. बघ म्हणलं, तुला बोलावणं आलंय."

तारामतीने पाकिटाकडे पाहिलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. एकतीस वर्षं पाच मुख्याध्यापकांसमोर मी गप्प बसलो, त्या जोरावर तर पेन्शन मिळते. पण मला वाटलं, यांचा गैरसमज होतोय, कागद खरा नाही, आणि खोटा कागद खरा म्हणून चालू देणं माझ्या स्वभावात नाही. आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. त्या घरात सगळे अक्षराबद्दल बोलत होते आणि शिक्क्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

"तो शिक्का आहे, वीरण्णा," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो नाही. आत जाऊन शिक्का आणला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उमटवून दाखवला, शेजारी पुन्हा एकदा. दोन्ही सारखे, बघा.

वीरण्णांनी अंगठ्याने पाकिटावरचं 'सौ.' चोळून पाहिलं. अंगठ्याला किंचित जांभळं लागलं. "हाव का," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला सावरायचं सुचलं. मी म्हणालो, पण हे 'श्री. व सौ.' आहे ना, ते खरोखर दानम्मावहिनींसाठीच लिहिलेलं आहे. शिल्पाच्या लग्नातलं तुमचं पाकीट होतं घरात. त्यातूनच मी कापून घेतलं.

"कापून?" तारामती म्हणाली.

ती उठून आत गेली. कपाटाचं दार वाजलं. साड्यांच्या घड्या पलंगावर पडल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि तिने ते पाकीट वीरण्णांच्या समोर टेबलावर ठेवलं. मधोमध 'वीरण्णा'. डावीकडे एक चौकोनी खिडकी, उजवीकडे दुसरी. अगदी सरळ कापलेल्या. खिडक्यांतून टेबलावरच्या प्लास्टिकची फुलं दिसत होती.

वीरण्णा दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी बघत राहिले. मग त्यांनी कापलेलं उचललं.

"हे म्या नेऊ का वैनी?"

तिने मान हलवली. शिक्क्याचं पाकीट त्यांनी टेबलावरच सोडलं. चहावर साय आली होती.

[ हीच विनंती ]

तारामती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने फक्त लिहिणं थांबवलं. दूधवाल्याची वही, कॅलेंडरवरचे खाडे, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं. दुसऱ्या दिवशी किराण्याची यादी मला मोबाइलवर आवाजात आली. ती शेजारच्याच खोलीत होती.

संगमेश्वरकडे जाऊन मी शिक्के परत घेतो का विचारलं. त्याने पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. रबर परत होत नाही, म्हणाला. मग रजिस्टरमधून तो संमतीचा कागद काढून माझ्या हातात दिला. सही तारामतीची, अक्षर माझं.

मग आमच्या धाकट्या ऋतुजाचं ठरलं. मुलगा मुदखेडचा, रेल्वेत. तीनशे पाकिटं. मी जेल पेन, पाट आणि हळदकुंकवाचं ताट मांडलं आणि तारामतीला बोलवायला स्वयंपाकघरात गेलो. ती लसूण सोलत होती.

"शिक्के हायत की तुमच्याकडं," ती म्हणाली. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तशी.

म्हणून पाटावर मी बसलो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेत मी सगळं टाइप करायचो ते उगाच नव्हे. पहिलं पाकीट देवाचं, ते जमलं, देव समजून घेतो. दुसरं पाकीट मी वीरण्णांचं घेतलं. 'श्री.' लिहिलं आणि थांबलो. पुढे 'व सौ.' लिहिता येत नव्हतं. न लिहिता ते 'श्री.' इतकं एकटं दिसत होतं की मी ते पाकीट बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, आणि त्यावर तर काहीच लिहिता येईना. पंधरा मिनिटं गेली असतील.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कुणाचं हाय?"

"वीरण्णांचं."

लसूण सोलायचा आवाज थांबला.

"लिहा. दानम्माच्या घरी. खाली लिहा, वीरण्णा आणि पोरं."

मी लिहिलं. ओळ तिरकी गेली, दोन ठिकाणी खोडाखोड झाली. मग ती आतूनच पुढचं नाव सांगायला लागली. कुणाच्या चुली वेगळ्या, कुणाच्या बहिणीला आधी, कुणाला मी स्वतः जाऊन द्यायचं. चार दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. हळद मीच लावली. त्यातली निम्मी माझ्या चष्म्याला लागली. पेन एकदाही तिच्या हातात गेलं नाही. मी दोनदा पुढे केलं होतं.

लग्नात पाकिटावरचं नाव वाचता न आल्याबद्दल चौघांनी तक्रार केली. मान चुकल्याबद्दल कोणी केली नाही. वीरण्णा आले होते. पंगतीत वाढताना मी त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट अर्धं वर काढून दाखवलं.

"अक्षर तुमचं दिसतंय, साब."

हो, मी म्हणालो.

"शिक्का न्हाई, एवढं कळलं बघा. इतकं वंगाळ कोण छापून घेत नसतंय." त्यांनी पाकीट परत आत सरकवलं आणि आणखी थोडी बुंदी वाढा म्हणाले.

आता घरात ऋतुजाही नाही. दर पाच तारखेला तारामती स्वयंपाकघरातून यादी सांगते, आवाज मोबाइलवर पाठवत नाही, एवढी सुधारणा झाली आहे. मी बाहेर बसून लिहितो. तूरडाळ दोन किलो, गूळ, कपड्याचा साबण. गल्ल्यामागच्या भिंतीवर तिची जुनी यादी अजून आहे, धूर लागलेली. किराणावाला दर वेळी विचारतो, वैनींची तब्येत बरी हाय ना? मी बरी आहे म्हणतो. तो माझी यादी डोळ्यांजवळ धरून, दोनदा विचारून सामान बांधतो आणि मग ती न विसरता मला परत करतो.